पहिलीला पोर पायजे

नाय, तू उठू नकोस राघू, मेंढरं कुठं पळून चाललीत — बसलीत की सावलीला रवंथ करत. हे घे, च्या घे. स्नेहलनं केलाय, आमच्या सुनेच्या हाताला साखर जास्तच, चालवून घे. तर मी काय म्हणत व्हतो — शाळा. आपल्या गावची, जिल्हा परिषदेची, जिथं तू शिकलास, मी शिकलो — तू चौथीपर्यंत ना? चौथीच. तर ह्या वर्षी पहिलीला एक बी पोर न्हाई. एक बी. वरच्या वर्गात हायेत थोडी, तुमच्या वस्तीची नि ठाकरवाडीची, पण पहिलीच रिकामी म्हणल्यावर साहेब येणार, पट बघणार नि म्हणणार, कशाला चालवता, धाडा पोरं कळंबला. मधी हायवे हाय, तुला काय सांगायचं, मेंढरं पलीकडं घालताना तुझा जीव टांगणीला लागतो. सहा वर्साची पोरं वलांडतील का तो रस्ता रोज? न्हाई वलांडायची. घरी बसतील नि मग येतील तुझ्यासारखी काठी घेऊन मेंढरामागं.

मी शाळेच्या कमिटीत हाय म्हणून उन्हाळाभर उंबरे झिजवले, लाज सोडून. सोमाजीकडं गेल्तो, भाचा माझा, त्याची पोरगी पहिलीलाच बसतीय. मामा बसा म्हणला, सरबत पाजलं, नि पोरीचा नवा टाय दाखवला. टाय. उन्हाळ्यात, घामाच्या धारा लागल्यात, नि पोरगी टाय बांधून पंख्याखाली उभी. काय बोलावं मानसानं? च्यायला, डोकं फिरतं. आपल्या शाळेत काय कमी हाय सांग — भिंतीवर आगगाडी रंगवली, पुण्याच्या कंपनीनं टीव्ही दिला, पाण्याचं मशीन दिलं, नारळ मीच फोडला. सगळं आलं. पोरं तेवढी गेली. साधनाबाई रोज ओढणीनं टीव्ही पुसत्यात, बंद टीव्ही. बाई लई गुणाची हाय बरं, पोराला मांडीवर घेऊन अक्षर गिरवायला लावती, कुणाचं नाक पुसायला कमीपणा मानत न्हाई. अशी बाई मिळत नसती राव. नि ती उद्या कुठंतरी बदलून जाणार, ह्यांना पोरगं टायमधी बघायचंय म्हणून.

म्हणून तुझ्याकडं आलोय. तुझी प्राची पायजे. तशी न्हाई रे, शाळेला पायजे म्हणतोय. तिचं नाव पहिलीत पडू दे. बाई म्हणली, तात्या, एक जरी पोर दाखवलं तरी मी साहेबांशी भांडीन. दिवाळीनंतर तू मेंढरं घेऊन कोकणात उतरलास की पोरीचं काय, हीच अडचण ना? तिला आमच्या घरी ठेव. एवढा वाडगाभर कोरड्यास नि भाकरी काय आम्हाला जड न्हाई. आन् हे कांद्याचं रान आता मोकळंच पडलंय — पाऊस येईपर्यंत मेंढरं हितंच बसव, दुसऱ्या कुणाच्या शेतात जाऊ नकोस. रानाला खत व्हईल, तुला धान्य जरा हात सैल सोडून देईन. बघ, मी काय फुकट मागत न्हाई.

काय?

सार्थक? त्याचं काय इचारतोस मधीच. हाय की नातू, बरा हाय. हा, सहाचाच. हा, पहिलीलाच. आता तू बी तेच इचार, सगळं गाव तेच इचारतंय. जातो व्हॅननं, केजीपासनंच रोडवरच्या त्या इंग्लिश शाळेत जातो, लपवलंय का मी? चावडीसमोरनंच जाती व्हॅन. पण ते येगळं हाय राघू. तुला वाटतं घरात माझं चालतं? पोराचा निर्णय त्याच्या आईबापाचा. लेक म्हणतो, मी शेतात अडकलो, माझा पोरगा अडकायला नको. सुनेच्या माहेरची पोरं सगळी इंग्लिशला, लग्नकार्यात ती फाडफाड बोलत्यात नि हिला खाली मान घालावी लागती. मी सांगून बघितलं. म्हणलं, साधनाबाई हाय, शाळा दारात हाय, पोरगं जेवायला घरी येईल. तर स्नेहल म्हणली, मामंजी, आता त्या शाळेत राह्यलंय कोण, वस्तीवरची नि वाडीची पोरं, त्यांच्यात आपला सार्थक —

न्हाई.

तसं न्हाई म्हणली ती. म्हणजे म्हणली, पण तिच्या मनात तसं न्हाई. राघू, च्या का खाली ठेवलास? अरे घरात बोलतं मानूस, त्याचं काय मनावर घ्यायचं. मी मानतो का तसलं काही? तुझ्या बापाच्या नि माझ्या एका ताटलीत शेंगा असायच्या ह्याच बांधावर. मी तर तिला लगेच बोललो — बोललो म्हणजे, तेव्हा पावणं बसली व्हती घरात, मग नंतर बोलायचं राह्यलं. पण माझं तोंड बघ नि सांग, मी असा मानूस हाय का? बोल की.

काय लागला? नंबर? कसला नंबर?

आरटीईत — ते फुकट ॲडमिशनचं? तू फॉर्म भरला व्हतास? कुणी भरून दिला? बाईनं? साधनाबाईनं स्वतः? आँ. मला बोलली न्हाई. मला म्हणली एक पोर दाखवा, नि तिकडं — बरं. बरं. नि कुठली शाळा आली? ... कुठली म्हणलास? ... आमच्या सार्थकची. एकाच वर्गात मग. एकाच व्हॅनमधी. असं. चांगलं झालं की, वाईट काय, चांगलंच झालं.

पण राघू, ऐक, घरचा मानूस म्हणून सांगतो, नको घालू पोरीला तिथं. मी बघतोय ना रोज. आतल्या गोष्टी सांगतो तुला, बाहेर बोलू नकोस. सार्थक सकाळी व्हॅन दिसली की पोट दुखतं म्हणतो. खरंच दुखतं त्याचं, हात लावला की कळतं. शाळेत मराठी बोललं की उभं करत्यात. मागं आमच्याकडं लग्नाची पत्रिका आली, म्हणलं, वाच बाळा, तुझं नाव बी छापलंय शेवटी, तर नुसता बघत राह्यला. मराठी येईना. इंग्रजी वाच म्हणलं तर पुस्तक न बघता पाठ म्हणून दाखवतो, मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून इचारलं हे काय, तर रडायला लागला. आन् टिचर तरी कोण, बारावी झालेल्या पोरी, सहा महिन्यात बदलत्यात. घरी शिकवायला कोण बसणार, आम्हाला तरी काय येतं? स्नेहल चिडून मारती, मग स्वतः बी रडती. तुझ्या प्राचीचं तर काय व्हईल, फुकटातली म्हणून मागं बसवतील. सोन्यासारखी पोरगी हाय, चुरूचुरू बोलती, तिची वाचा बसंल तिथं. साधनाबाईच्या हाताखाली दे, वरीसभरात वाचायला लागंल बघ, मी लिहून देतो. हे सगळं मला कळतंय म्हणून तर सांगतोय, नायतर मला काय पडलंय —

काय इचारलंस? मग सार्थकला का न्हाई काढत तिथनं?

च्या गार झाला तुझा. वत तिकडं बांधावर.

जा राघू, मेंढरं बघ जा तुझी.