दिवसाची लाईन

"उन्हात बसलेल्या माणसाला स्वतःची तहान कळत नाही," असं सासूबाई सांगायच्या, तेव्हा मी हसण्यावारी न्यायची. आज दुपारी गोंदियाच्या स्टँडवर बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी दोघी बोलत होत्या.

"नंदाबाई, लाईनची कंपनी आता सूर्याची वीज घेऊन राहिली. वावरातल्या मोटरले दिवसा लाईन. तुमच्या बुढ्याचं, मनिरामबुवाचं, रातचं जागरण तं गेलं."

"जागरण गेलं, आता बुढाच घरी राहत नाही. दिवसभर मोटरपाशी बसून राहते."

"काऊन? मोटर तं आपोआप सुरू होते."

"होते. पण बुढ्याले भरोसा नाही. म्हणते, चाळीस वर्षं लाईनीनं धोका दिला, आता कायले सुधरन?"

"म्हणजे कंपनीनं सूर्य धरला, बुढ्यानं ऊन."

"हसा तुम्ही, सुशिलाबाई. सकाळपासून तीनदा फोन लावला, उचलत नाही."

"मोटरच्या आवाजात आयकू येत नसन."

"मोटर बोअरच्या आत आहे वो. तिचा कायचा आवाज?"

सुशिलाबाई मग हसल्या नाहीत. नंदाबाईंची दवनीवाड्याची बस यायला अजून तासभर आहे.

तिकडचं कुणी हे वाचत असाल, तर पाण्याची बाटली घेऊन मनिरामबुवांच्या मोटरीपर्यंत जरा जाऊन या.