कुत्रा, मांजर आणि नणंद

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुपारी, बॉस्टनच्या बसमध्ये, माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारं जोडपं. बाईंच्या मांडीवर लॅपटॉप.

"ऑरिन, तुझी ही लिस्प प्रोग्रामिंग भाषा आडमुठी आहे. कुत्र्याचा क्लास, म्हणजे साचा, केला, त्यातच भुंकणं लिहिलं, तर एरर देतंय."

"थेल्मा, त्या जावा भाषेची खोड सोड आता. इथे क्लासमध्ये फक्त नाव, वय, रंग. वागणं बाहेर लिहायचं."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"वेगळं फंक्शन कर. त्याला 'भेट' म्हण. कोणाला कोण भेटलं ते बघून ते ठरवतं. कुत्र्याला कुत्रा भेटला तर शेपूट हलव, मांजर भेटलं तर भुंक."

"म्हणजे भुंकणं कुत्र्यात नसतंच?"

"नसतं. ते त्या जोडीचं असतं."

"एकट्या कुत्र्याला दोष द्यायचा नाही?"

"मुळीच नाही. शाबास, कळलं की तुला!"

"मग तीस वर्षं, विनीशी माझं वाजलं की 'भांडण तुझ्या रक्तातच आहे' असं मला कोण ऐकवतंय?"

"अगं, विनी माझी बहीण आहे."

"मांजर आहे. बरं, ज्या जोडीसाठी काहीच लिहिलं नसेल, तिचं काय?"

"सगळ्या प्राण्यांसाठी एक साधी पद्धत ठेवायची. नुसतं हुंगायचं आणि पुढे जायचं."

"ठीक आहे. आज विनीचं आणि माझं जुनं सगळं पुसलं. हुंगते आणि पुढे जाते."

"खरंच? थेल्मा, तू ग्रेट आहेस! चल, उतरायचंय. ती बघ, विनी स्टॉपवरच उभी आहे."

"शेपूट हलवतेय का, ते आधी बघ."