गाडीसाठी केलेला उतार

माझं नाव मंगल, गाव युसूफ वडगाव. दीड वर्साची असताना ताप आला अन् पाय गेले, तवापासून आदी आईची कड अन् मग ही चाकाची खुर्ची. काय सांगू तुमाला, गावातला कुठला रस्ता कुण्या अंगाला उतरता हाय ते डोळे झाकून सांगंन, कारण पुढचं बारकं चाक खडीत रुतलं की माणूस तोंडावर पडतंय. तालुक्याला केजला जायचं तर सकाळपासून पाणी प्येत न्हाई, तिथं खुर्ची आत जाईल असा संडास कुठं हाय?

बरं, ते ऱ्हाऊ द्या. मी दारात हातमशीन मांडून शिवते. समोर शमीमभाबीचं घर, मधी आठ पावलांची गल्ली. एकोणीस वर्सं तिचे झंपर शिवले, पर तिचं घर आतून कसलं हाय ते कदी पाहिलं न्हवतं, तीन पायऱ्या हायत ना. ईदचा शीरखुर्मा बी बाहीरच यायचा. अन् एक कोडं लई वर्साचं, मी मशीन थांबवून पाठ टेकवली की लगेच तिचा चहा यायचा. हिला कळतं कसं? मशीनचा आवाज म्हणावा तर शेजारी पिठाची गिरणी दिवसभर चालते.

मागल्या उन्हाळ्यात तिच्या पोरानं मोटारसायकल घेतली, तर गाडी आत घ्यायला गवंडी लावून एका दिसात उतार. मला लई राग आला, खरं सांगते. पर बघितलं तर उतार निस्ता वीतभर रुंद. मापं माझ्या डोळ्यातच असतात, मी दारातूनच हाक मारली, ओ मिस्त्री, गाडी घसरंल की, अडीच फूट तरी करा. त्यानं केला. माझी खुर्ची सव्वीस इंच.

आठ दिस त्या सिमिटाला पाणी मारताना बघत बसले. मग आमच्या घरातल्या वहिनीला, भावाच्या बायकूला म्हणलं, धर मागून. उलटी चढले, अन् आत गेले ती थेट सैपाकघरात. गॅसपाशी बारकी खिडकी, धुरानं काळी झालेली जाळी. बाहीरून निस्ता अंधार दिसायचा. आतून बघितलं तर समोर माझं दार, माझी मशीन.

भाबीला म्हणलं, एवढ्या वर्सात मला आत कावून न्हाई बोलीवलं? तिनं गॅस बारीक केला. मग म्हणली, मंगल, सैपाक करताना रोज तू समोरच असायचीस गं, तू आत कदी आलीच न्हाईस हे ध्यानातच न्हाई आलं. डोळे पुसले तिनं, माझे बी भरले.

आता दुपारचा चहा मी तिथंच पिते. पोरगं दारात गाडी धुवाय लागलं की म्हणते, नीट पूस रे बाबा, देव ह्या गाडीला उदंड आयुष्य देवो.