दाराबाहेरचे बाबा

डोळ्यांत थेंब घालून नर्सने शिलाईवाल्या काकूंना बजावलं, "अर्धा तास डोळे उघडायचे नाहीत." काकूंनी मुकाट्याने मिटले. पण कान थोडेच मिटता येतात! शेजारी एक बाप आणि त्याची शाळकरी लेक येऊन बसली होती.

"बाबा, विषयांचा फॉर्म उद्या द्यायचाय. सही कर ना."

"नाटक हा काय विषय झाला? चित्रकला घे हवं तर."

"वर्षभर केलंय मी. आवडतं मला."

"करता काय तिथे? तोंडं रंगवता?"

"नाही रे. परवा गृहपाठ होता. घरातल्या एका माणसाला आठवडाभर बघायचं आणि न बोलता वर्गात करून दाखवायचं. मी तुला केलं."

"मला? घोरताना?"

"कामावरून येताना. तू जिना चढून येतोस आणि दाराबाहेर थांबतोस. चेहरा पार पडलेला असतो. रुमालाने तोंड पुसतोस. मग हसून बघतोस, एकदा, दोनदा. जमलं की मगच बेल वाजवतोस."

"तुला कुठून दिसतं ते?"

"स्वयंपाकघराच्या खिडकीतून. रोज."

"वर्ग खदखदून हसला असेल."

"कोणीच नाही हसलं."

शेजारची खुर्ची करकरली. दोघांना आत बोलावलं की काय, असं काकूंना वाटलं.

"रुमाल कुठल्या खिशातून काढलास?"

"डाव्या."

"उजव्या. हाच विषय घ्यायचा असेल तर नीट बघत जा. आण तो फॉर्म."