सात बेटांपैकी एक

रुपराव : ...म्हणून म्हणतो पोरी, बेटं सात आहेत आणि ओमची जहाज कंपनी म्हणते एकच लिहा! तीन वर्षं अर्जांवर अर्ज केले तेव्हा कुठं हो म्हणाले. एका बेटावर उतरवतीन, आठ दिवसांनी परतीच्या जहाजावर बसवतीन. फॉर्म आजच्या टपालानं गेला पाह्यजे. चष्मा दे माहा.

प्रमोदिनी : तुमच्या कपाळावर आहे, मामाजी.

रुपराव : हां. बस इथं. हे पाह्य, हे आफ्रिकेचं पोट, आणि त्याच्या बाजूले हे शिंतोडे. कॅनरी बेटं. समुद्राच्या बुडातून आग वर आली आणि थंड होऊन बसली, तीच ही. तीस वर्षं भूगोल शिकवला मी महालच्या शाळेतल्या पोट्ट्यायले, पण हे बेटं कोणाच्या ध्यानात राह्यले नाहीत. एक आपला ओम सोडून.

प्रमोदिनी : कोणतं लिहून राहिले तुम्ही?

रुपराव : विचाराचं काय त्यात? तेनेरीफ. ओमप्रकाश सात वर्षांचा होता, याच नकाशावर डोळे मिटून बोट ठेवे. एक दिवस बोट इथं पडलं. बाबा, इथं काय आहे? म्हटलं, बारा हजार फुटाचा आगीचा डोंगर आहे बाप्पा. तर म्हणे, मोठा झालो की मी हाच पाहीन. शाईचा डाग आहे पाह्य अजून, त्याच्याच बोटाचा. आता सांग, जहाज त्या बाजूले तेल भराले थांबलं, हा खाली उतरला अन् परत चढलाच नाही. कुठं गेला असन? डोंगराकडंच.

प्रमोदिनी : तीन वर्षं झाली त्याले. माणूस एका जागी राहते का?

रुपराव : तिथल्या पोलिसायनं शोधलं म्हणते. पण पोलिसायले त्याच्या बोटाचं काय माहीत! ते बापालेच माहीत.

प्रमोदिनी : नकाच जाऊ तुम्ही, मामाजी. सुएझ कालवा बंद आहे, अख्ख्या आफ्रिकेले वळसा. बडकस चौकापर्यंत गेले तर दोनदा ओट्यावर बसता तुम्ही. समुद्रात काही झालं म्हणजे?

रुपराव : चार दिवसांपासून तुहं हेच चालू आहे. तू काहून आडवी येऊन राहिली? लोकायच्या सुना नवऱ्यासाठी नवस बोलतात, आणि तू म्हणतं जाऊ नका! आमचा भैय्याजी काल माह्या तोंडावर म्हणाला, दादा, तुमच्या सुनेले नवऱ्याचं काही पडलेलंच नाही. सख्खा भाऊ, तरी मी त्याच्यावर बिगडलो. पण आज मलेही वाटून राहिलं.

प्रमोदिनी : आत्याबाई कुठं आहेत?

रुपराव : तुही सासू ना? समोर गेली, कुसुमताईकडं. लोणच्याच्या बरणीले बांधाले मेणकापड पाह्यजे म्हणे.

प्रमोदिनी : मग आताच सांगते. तेनेरीफ लिहू नका. तिथं नाहीत हे.

रुपराव : म्हणजे?

प्रमोदिनी : हे बाजूचं. गोमेरा.

रुपराव : हे? हे तर मोहरीएवढं आहे! शाळेत आम्ही याचं नावही घेत नव्हतो. तुले कोणी सांगितलं?

प्रमोदिनी : यांचं पत्र आलं. दीड वर्ष झालं. वाडीले, माह्या भावाच्या पत्त्यावर. थांबा, शिलाई मशीनच्या खणात आहे.

(रुपरावांनी पत्र एकदा वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शाईच्या डागावरचं बोट उचलून त्यांनी बाजूच्या ठिपक्यावर ठेवलं आणि ते तिथंच राहू दिलं.)

रुपराव : जिवंत आहे.

प्रमोदिनी : हो.

रुपराव : केळीच्या मळ्यात पंप दुरुस्त करते. एक... बाई आहे. लेक आहे.

प्रमोदिनी : पत्र लिहिलं तेव्हा दोन महिन्यांची होती. आता चालत असन.

रुपराव : आणि हे पाह्य काय लिहिते. 'बाबांचा डोंगर इथून रोज दिसतो, पाण्यापलीकडं.' एका बेटानं चुकलो मी, पोरी. एकाच बेटानं! ...दीड वर्ष? तुही सासू रोज पोस्टमनच्या मागं गल्लीच्या टोकापर्यंत जाते. तू ते पाहत राहिली?

प्रमोदिनी : पाहत राहिली.

रुपराव : काहून वं?

प्रमोदिनी : आत्याबाईंना धक्का बसन म्हणून लपवलं, असं सांगणार होती तुम्हाले. खोटं आहे ते. पोरगा जिता आहे म्हटल्यावर त्या तर साखर वाटतीन. मी माह्यासाठी लपवलं. हरवलेल्याची बायको आहे तोवर मी या घरची सून आहे. सापडला, अन् असा सापडला, तर मग मी कोण? टाकलेली. भावाची एक खोली, ट्रकच्या गोदामामागं, त्यात पाच लेकरं. वहिनी दोन दिवस चहा देईन. तिसऱ्या दिवशी विचारीन, किती दिवस राहता?

रुपराव : अवं...

प्रमोदिनी : माह्यासाठी एकच ओळ आहे त्यात. वाचली न? 'तू मोकळी आहेस.' मोकळी म्हणे! मोकळी होऊन कुठं जाऊ, मामाजी? औंदा वटपौर्णिमेले वडाले सूत गुंडाळलं, तेव्हा मले माहीत होतं हे कोणाजवळ आहेत ते. तरी सारे फेरे मारले. बाया पाहत होत्या न.

रुपराव : माहीच चूक आहे सारी. नकाशा दाखवला नसता, पाढे पाठ करून घेतले असते, तर इथंच कुठं कारकून झाला असता. संध्याकाळी भाजी घेऊन घरी आला असता.

प्रमोदिनी : रडू नका तुम्ही. त्या येतीन आता.

रुपराव : हा घे पेन. तू लिही. तेनेरीफ लिहिलं तर मी आठ दिवस डोंगर पाहीन, रिकाम्या हातानं परत येईन, आणि पत्र मी पाह्यलंच नाही. मास्तरचा शब्द आहे. गोमेरा लिहिलं तरी हे घर तुहंच. तोही मास्तरचा शब्द.

प्रमोदिनी : शब्द तुमचा खरा. पण उद्या ते लेकीले घेऊन या दारात उभे राह्यले, तर आत्याबाई कोणाले आत घेतीन? आणि तुम्ही तरी? नातीले पाहाचं मन आहे तुमचं. तोंडावर दिसून राहिलं.

रुपराव : खोटं कसं बोलू तुह्याशी? आहे.

मनकर्णा : अवं प्रमोदिनी, सुतळी काढ वं! देल्लं एकदाचं कुसुमताईनं मेणकापड. अर्धा घंटा गप्पा ऐका लागल्या त्याच्यापायी. ...अन् तुमचे डोळे काहून लाल झाले वो?

रुपराव : नकाशाची धूळ गेली डोळ्यात.

मनकर्णा : घ्या! दिवसातून दोनदा पुसता तो नकाशा, अन् म्हणे धूळ! बरं, हे बरणी पाहा. कैरीचं आहे. ओम गेला त्या उन्हाळ्यातलं. कोणाले बोटभर चाटू देल्लं नाही म्या, भैय्याजीले बी नाही. वरून चार बोटं तेल आहे, समुद्रात बी नासत नाही. एवढं माह्या लेकराच्या तोंडात पडलं का मी मराले मोकळी.

प्रमोदिनी : असं बोलू नका, आत्याबाई.

मनकर्णा : खरं थेच बोलतो. नाव लिहिलं का तुमी?

रुपराव : सून लिहून राहिली.

मनकर्णा : मंग लिही वं, चांगल्या अक्षरात लिही. तिकडच्या साहेबाले वाचता आलं पाह्यजे. तू काय पेन धरून बसली?

प्रमोदिनी : लिहिते. गो... मे... रा. झालं, आत्याबाई.

मनकर्णा : हे कोन्तं आणखीन? कालपर्यंत तं डोंगराचं होतं!

रुपराव : बाजूचंच आहे. तिथून तो डोंगर दिसते.

मनकर्णा : मले काय समजते त्यातलं! तुमी दोघं शिकेल. माहा ओम भेटला म्हंजे झालं. भेटन न वो?

रुपराव : भेटन.

मनकर्णा : आयकलं का वं? तीन वर्षांत पह्यल्यांदा 'भेटन' म्हणले! नाही तं सदा 'पाहू', 'पाहू'. प्रमोदिनी, तो घरी आला का तुले हिरवं लुगडं घेतो अन् साऱ्या गल्लीसमोर तुही ओटी भरतो. लय सोसलं माह्या पोरीनं. ...जाय, तुहा लग्नातला फोटो आण भिंतीवरचा. बरणीसंगच बांधून देऊ. घरी कोण वाट पाह्यते थे दिसलं पाह्यजे त्याले.

प्रमोदिनी : फोटो नको, आत्याबाई. काच आहे त्याले, रस्त्यात फुटन. लोणचंच जाऊ द्या.