सांदणांचा डबा

मी पहिल्यापासून सांगत होते, मुश्ताकला नोकरी लागली ती माझ्या फणसाच्या रसातल्या वाफवलेल्या सांदणांवर. कोणी ऐकलं नाही, म्हणे बाई जळते. जळते तर जळते. रियाधला सांडपाण्याच्या इंजिनियर लोकांची कॉन्फरन्स होती. तिथे आपल्या रत्नागिरीच्या मोठ्या साहेबांना भेटून नोकरीचं बोलायचं, म्हणून माझ्या नवऱ्यासोबत, इब्राहिमसोबत, डबा दिला होता. शेजारचा मुश्ताकही गेलेला.

काल त्याची नसरीन दारात. "भाभी, साहेब जेवायला येतायत. त्यांना पुन्हा तीच सांदणं हवीत, ह्यांनी रियाधला दिलेली."

मी आमच्यांकडे वळले. "डबा मुश्ताककडे कसा गेला?"

"स्टॉलवर फोटो काढत होतो. जरा धरायला दिला."

"आणि साहेब?"

"तेवढ्यात आले."

आता मुश्ताकला कशाला शिव्या घालू? हातातली नोकरी घालवणारा माझ्याच सोफ्यावर बसलाय, इब्राहिम.