जगन्नाथाचे सागवानी हात

मूल गावच्या बसस्टँडवर माझ्या बाजूला बसलेल्या बाईंनी सुतारानं आणलेल्या देव्हाऱ्यावरचं फडकं काढलं आणि त्या ओरडल्याच.

"लटारूभाऊ, हे काय करून ठेवलं? मी फक्त देव्हारा सांगतला होता ना?"

"देव्हारा झाला, वच्छलाबाई. मापाले ठेवलेल्या तुमच्या जगन्नाथाले हात नव्हते, तेबी बसवले."

"पुरीले समुद्र पाह्यचा सोडून ही मूर्ती निवडत बसली मी! तो तसाच असते!"

"बिनहाताचा देव? मले वाटलं, गाडीत तुटले. अस्सल सागवान लावलं, बाई."

"काढा ते, आत्ताच्या आत्ता!"

"हे घ्या."

"आरी मले काऊन देता?"

"बसवाचे होते, बसवले. देवाचे हात कापनं माह्याच्यानं नाई होत. तुम्ही कापा."

बाईंनी आरी देवाच्या हाताला टेकवली नि परत उचलली.

"कापा ना, बाई."

"ठेवा ती आरी. झाका त्याले, गाडी लागली."